मॅस्टोडॉनच्या दारातच अडखळायला होतं
ऑक्टोबर 2022मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं आणि अनेकांनी मॅस्टोडॉन या विकेंद्रित, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवर पसरलेल्या समाजमाध्यमाची वाट धरली. तिथे पहिलाच प्रश्न: कोणता सर्व्हर? यादी लांबलचक, प्रत्येकाचे नियम वेगळे, चालवणारे वेगळे. आणि आत काय चालतं हे कळण्याआधीच निवड करायची! दुसऱ्या सर्व्हरवरच्या ओळखीच्या माणसाचं पान उघडून ‘फॉलो’ दाबावं, तर ते पान तुम्हाला ओळखतच नाही. आधी तुमचा सर्व्हर सांगा म्हणतं. पुढे सर्व्हर बदललात तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र तिथेच राहतात. 2023मध्ये मॅस्टोडॉनने नवख्यांपुढे आपलाच मोठा सर्व्हर आधी ठेवायला सुरुवात केली. सोय झाली खरी, पण मग विकेंद्रीकरण कसलं?