रंगीत फोटो काळ्या शाईत छापताना



उसावरील रोगाचे फोटो मोबाईलवर काढून बरेच सभासद शेतकी खात्याकडे पाठवतात. ते या पत्रकात छापा, अशीही मागणी असते. परंतु आपले पत्रक एकाच काळ्या शाईत निघते. फोटोतला रंग काढताना रोगाचे लक्षणच पुसले जाऊ शकते. ते कसे, हे समजून घेऊ.

संगणकात रंगीत फोटो लाल, हिरवा व निळा अशा तीन भागांत साठवलेला असतो. त्याचा कृष्णधवल करताना नेहमीच्या रीतीत लाल भाग ३०, हिरवा ५९ व निळा ११ टक्के धरतात. आपल्या डोळ्यांना हिरवा रंग सर्वांत उजळ भासतो, म्हणून हे प्रमाण. पण उसाच्या पानाला हाच हिशेब नडतो. तांबेऱ्याचे तपकिरी ठिपके आणि हिरवे पान दोन्ही जवळजवळ सारखेच करडे होतात. छापलेले पान निरोगी वाटते आणि वाचणारा निर्धास्त राहतो!

यावर उपाय आहे. तिन्ही भाग मिसळण्याऐवजी कामाचा एकच घ्यावा :

१) तांबेरा : हिरवा भाग घ्यावा. ठिपके काळपट होऊन उठून दिसतात.

२) लाल कूज : ऊस उभा चिरून फोटो काढावा व हिरवा भाग घ्यावा. लाल झालेला गाभा गडद आणि त्यातले आडवे पांढरे डाग उजळ येतात. हे डागच या रोगाची खूण होय.

३) केवडा : लाल भाग घ्यावा. पिवळे पट्टे पांढरट आणि हिरव्या शिरा गडद दिसतात.

छपाईत करडी छटा म्हणजे काळ्या शाईचे लहान-मोठे ठिपके. साध्या कागदावर शाई पसरते, म्हणून फोटो मुळातच थोडा उजळ करून द्यावा.

बोधचिन्हाचेही असेच आहे. पोत्यावर बारीक ठिपके भरून जातात आणि नुसता डाग उरतो. तेथे करडी छटा नकोच. निव्वळ काळे-पांढरे ठेवावे व दोन रंग जिथे भिडतात तिथे पांढरी रेघ सोडावी.

शेवटी एकच विनंती. छापील फोटोवरून औषध ठरवू नका. फोटो ओळखीपुरता, खात्रीसाठी रोगट पान किंवा चिरलेला ऊस घेऊन गट ऑफिसला या.

— ऊस विकास अधिकारी