डेस्कटॉप दिसेनासा झाला? ‘फॉर्मॅट’ करण्याची घाई नको
स्टार्ट मेनू बदलणारे सॉफ्टवेअर ठरू शकते कारण

अमरावती, प्रतिनिधी

संगणक सुरू होतो, पासवर्ड स्वीकारला जातो आणि स्क्रीन काळी पडते. टास्कबार क्षणभर दिसतो, लुकलुकतो आणि पुन्हा नाहीसा होतो. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचा परीक्षा अर्ज भरण्याची अखेरची तारीख असो वा अकोल्यातील एखाद्या दालमिलचे मार्चअखेरचे हिशेब, अशा वेळी माणूस हवालदिल होतो आणि ‘फॉर्मॅट मारून टाका’ हा सल्ला निमूटपणे मान्य करतो. त्यात फायली कायमच्या जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात अनेकदा दोष असतो तो हौसेने टाकलेल्या एका लहानशा सॉफ्टवेअरचा.

मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये ‘विंडोज 8’ आणताना स्टार्ट मेनू काढून टाकला. 2015 च्या ‘विंडोज 10’ मध्ये तो परतला, तर 2021 च्या ‘विंडोज 11’ मध्ये पुन्हा बदलून टास्कबारच्या मध्यभागी आला. जुन्या मेनूची सवय असलेल्यांसाठी ‘क्लासिक शेल’, ‘ओपन-शेल’, ‘स्टार्टऑलबॅक’, ‘एक्सप्लोररपॅचर’ अशी सॉफ्टवेअर तयार झाली. ‘विंडोज 10’ चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यानंतर नव्या प्रणालीकडे वळणाऱ्यांनाही त्यांचा मोह पडतो.

बिघाड का होतो?

डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या ‘विंडोज एक्सप्लोरर’ हा एकच प्रोग्राम दाखवतो. मेनू बदलणारी बहुतेक सॉफ्टवेअर आपली फाइल याच प्रोग्रामच्या आत घुसवतात आणि त्याच्या अंतर्गत रचनेवर विसंबून काम करतात. विंडोजचे अपडेट आले की ही रचना बदलू शकते. मग जुन्या नकाशावरून नव्या घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखी गत होते. एक्सप्लोरर कोसळतो, विंडोज तो पुन्हा सुरू करते, तो पुन्हा कोसळतो. 2024 मध्ये विंडोज 11 च्या ‘24एच2’ आवृत्तीच्या चाचणी काळात ‘स्टार्टऑलबॅक’ व ‘एक्सप्लोररपॅचर’च्या काही आवृत्त्या असलेल्या संगणकांवर अपडेटच रोखण्यात आले होते, ते अशाच कारणाने.

आधी निदान

काळ्या स्क्रीनवर माऊसचा बाण हलत असेल आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबल्यावर ‘टास्क मॅनेजर’ उघडत असेल, तर विंडोज सुरू आहे. बिघाड बहुधा एक्सप्लोररपुरता आहे. निळी स्क्रीन येऊन संगणक आपोआप बंद-चालू होत असेल तर कारण वेगळे असू शकते. टास्क मॅनेजरमधील ‘रन न्यू टास्क’मध्ये ‘ब्राउझ’ दाबून ‘ऑल फाइल्स’ निवडावे. तेथे आपल्या फायली दिसतात. महत्त्वाच्या फायली तेथूनच कॉपी करून पेन ड्राइव्हवर घेता येतात.

दुरुस्तीचा क्रम

1. टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करावे. डेस्कटॉप स्थिर राहिल्यास सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून ते सॉफ्टवेअर काढावे व संगणक पुन्हा सुरू करावा.

2. तेही जमत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट व डिलीट दाबावे. उजव्या कोपऱ्यातील पॉवरच्या चिन्हावर जाऊन शिफ्ट दाबून ठेवत ‘रीस्टार्ट’ निवडावे. पुढे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या मार्गाने जाऊन 4 आकडा दाबला की ‘सेफ मोड’ सुरू होतो. या वेळी काही संगणक बिटलॉकरची रिकव्हरी की मागतात. ती आधीच हाताशी असावी.

3. काही सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये निघत नाहीत. तेव्हा ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधील ‘सिस्टिम रिस्टोअर’ने आधीच्या तारखेवर जावे. यात वैयक्तिक फायलींना धक्का लागत नाही. मात्र रिस्टोअर पॉइंट आधी तयार झालेला असणे आवश्यक आहे.

डेस्कटॉप परतल्यावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘ॲप्लिकेशन’ विभागातील 1000 क्रमांकाची नोंद पाहावी. ‘फॉल्टिंग मॉड्यूल’पुढे त्या सॉफ्टवेअरच्या फाइलचे नाव असल्यास दोषी सापडला. तेथे विंडोजचीच फाइल दिसली तरी सॉफ्टवेअर निर्दोष ठरत नाही. ते काढल्यावर बिघाड थांबतो का, हीच खरी परीक्षा.

पुढे काय काळजी घ्यावी?

मेनू बदलणारी दोन सॉफ्टवेअर एकत्र ठेवू नयेत. विंडोजचे मोठे अपडेट घेण्यापूर्वी ते काढावे आणि निर्मात्याची नवी आवृत्ती आल्यावरच पुन्हा टाकावे. ‘क्लासिक शेल’चा विकास त्याच्या निर्मात्याने 2017 च्या अखेरीस थांबवला; अशी बेवारस सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर नकोतच. डाउनलोड करतानाही सावध राहावे. ऑगस्ट 2016 मध्ये ‘फॉसहब’ या संकेतस्थळावर घुसखोरांनी ‘क्लासिक शेल’च्या जागी घातक फाइल ठेवली होती आणि ती चालवणाऱ्यांचे संगणक सुरू होणेच बंद झाले होते.

अनेकांना हवा असतो तो केवळ डाव्या कोपऱ्यातील स्टार्ट. विंडोज 11 मध्ये ती सोय मुळातच आहे. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार आणि टास्कबार बिहेव्हियर्स येथे ‘अलाइनमेंट’ डावीकडे करावे. एवढ्याने भागत असेल तर बाहेरच्या सॉफ्टवेअरची गरज नाही आणि फॉर्मॅटचीही नाही.