कपाळावरची पट्टी

"आजोबा, हे काय?"

"खलबत्ता."

"आणि हे?"

"छत्री."

शाळेतली तोंडी परीक्षा वाटावी असा हा संवाद ऑपरेशन थिएटरमधला आहे. आजोबांची कवटी एका बाजूने उघडलेली आहे आणि ते जागे आहेत. गाठ मेंदूतल्या भाषेच्या भागाला खेटून असली की रुग्णाला बोलतं ठेवून ती काढतात. खुद्द मेंदूला वेदना कळत नाहीत. दुखते ती डोक्याची कातडी आणि मेंदूवरचं आवरण. त्यामुळे डोक्याच्या नसा बधिर केल्या की काम भागतं. मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी गेल्या शतकात फेफऱ्याच्या शस्त्रक्रियांसाठी ही रीत रुळवली.

आजोबांच्या कपाळावर एक चिकटपट्टी असते, सेरेब्रल ऑक्सिमीटरची. कोविडने घरोघरी पोहोचवलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरची ही बहीण. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश हाडातूनही आरपार जातो आणि रक्तात ऑक्सिजन किती, त्यानुसार कमीजास्त शोषला जातो. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली हे दाखवून दिलं. पट्टीतला दिवा प्रकाश सोडतो. तीन-चार सेंटिमीटरवरचे टिपक परतलेला प्रकाश मोजतात.

दोघींच्या हिशेबात मात्र फरक आहे. बोटावरची नाडीसोबत येणारं ताजं रक्त मोजते, म्हणजे जमा. कपाळावरची मोजते ते बहुतांशी मेंदूतून परतणारं रक्त, म्हणजे खर्च वजा जाता उरलेली शिल्लक. ती साधारण ६० ते ७५ टक्के असते. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ती पाचव्या हिश्शाने घसरली की भूलतज्ज्ञ सावध होतात. शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के असलेला मेंदू ऑक्सिजन खातो २० टक्के. उधारीवर त्याचं चालत नाही.

जाग्या रुग्णाच्या घशात सहसा नळी नसते, श्वास त्याचा त्यालाच घ्यायचा असतो. घाबरून तो धापा टाकू लागला तर कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटावर ९९ आणि कपाळावर घसरण! अशा वेळी हात हातात घेऊन "आजोबा, सावकाश श्वास घ्या" म्हणणं हाच पहिला उपचार. उलट गुंगी जास्त झाली, श्वास मंदावला, की रक्तवाहिन्या फुगतात. कपाळावरचा आकडा छान चढतो आणि मेंदू सुजून कवटीच्या खिडकीतून वर येऊ लागतो. चढता आकडा दर वेळी शुभ नसतो. मृतदेहाच्या कपाळावरही कधीकधी निरोगी माणसाइतका आकडा आढळला आहे. खर्चच थांबला, तर शिल्लक कमी कशी दिसणार?

शिवाय पट्टीला दिसतो तो कपाळामागचा वरवरचा मेंदू. सर्जनची सळई फिरते आहे ती जागा तिच्या नजरेबाहेरही असू शकते. रुग्ण गुंगीत, गप्प असतो तेव्हा राखण करायला ती हवीच. तो बोलू लागला की साक्ष त्याची.

सर्जन सळईने सौम्य वीजप्रवाह देतात.

"हे काय, आजोबा?"

"ते... ते आपलं... सुपारीचं..."

सळई उचलली जाते. "अडकित्ता!"

त्या जागेवर आकडा लिहिलेला कागदाचा कपटा ठेवला जातो: इथे कापायचं नाही. शब्द अडला तेव्हा पट्टीचा आकडा ६८ होता. सुटला तेव्हाही ६८च.