हाताने लावलेला फोल्डर

२४ ऑगस्ट २०२५ ला विंडोज ९५ ला तीस वर्षं झाली. कौतुक करायला फारसं कुणी फिरकलं नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, आणि कामाला अजून ठणठणीत असलेली यंत्रं कार्यालयांतून बाहेर पडली. ज्यांनी चार वर्षं विंडोज ११ टाळलं होतं त्यांच्याही गळ्यात ते पडलं. मी त्यांच्यातलाच. फायलींच्या ओळींमध्ये ऐसपैस जागा, कट-कॉपीच्या बटणांवरची अक्षरं गायब आणि नुसती चित्रं, राइट क्लिक केलं की अर्धाच मेनू आणि उरलेल्यासाठी 'शो मोअर ऑप्शन्स'. ओळी जवळ आणायला व्ह्यूच्या मेनूत 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' आहे म्हणा. पण जे आधी न मागता मिळत होतं ते आता विनंती करून मिळवायचं.

फोल्डर कसा दिसावा हा तसा फडतूस प्रश्न वाटतो. आयकॉन मोठे की बारीक, यादी की थंबनेल, यावर कुणी लेख लिहितं का? पण फायली लावण्यावर ज्यांचं पोट भरलं त्यांना विचारा. गेल्या पंचवीस वर्षांत दिसणं बदललं त्याचं दुःख नाही. दुःख वेगळं आहे. फोल्डरची मांडणी ठरवायचा अधिकार आपल्या हातून कधी निसटला, हे कळलंच नाही.

सुरुवातीची वर्षं भरभर उरकतो. १९८४ च्या मॅकिंटॉशवर ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांचा फाइंडर होता. एका फोल्डरची एकच विंडो, आणि आयकॉन जिथे ठेवाल तिथेच सापडेल हा त्याचा नियम. फडताळातला हळदीचा डबा अंधारातही हाताला लागतो, तसं काहीसं. आपल्याकडे तो कुणाच्या टेबलावर असणार! आपण डॉसच्या काळ्या पडद्यावर कमांड बडवत होतो आणि ज्याच्याकडे नॉर्टन कमांडर होता त्याच्या निळ्या दुहेरी रकान्यांकडे हेव्याने बघत होतो. मग विंडोज ३ चा फाइल मॅनेजर आला; कामापुरता होता. विंडोज ९५ च्या एक्सप्लोररने चार व्ह्यू दिले: लार्ज आयकॉन्स, स्मॉल आयकॉन्स, लिस्ट, डिटेल्स. ९८ ने त्यावर वेबपानाचं सोंग चढवलं. ते सोडून देऊ.

माझं दशक सुरू होतं २००१ च्या ऑक्टोबरात, विंडोज एक्सपीपासून. तेव्हा मी दिवाळी अंकांच्या आणि स्मरणिकांच्या जुळणीत गळ्यापर्यंत बुडालेलो होतो. एक्सपीचा निळा-हिरवा रंग बघून नाकं मुरडणाऱ्यांत मीही होतो, पण एक्सप्लोररपुरतं बोलायचं तर त्याच्याइतकं ऐकणारं दुसरं काही मला भेटलं नाही.

मराठी जुळणीचं एक त्रांगडं इथे सांगायला हवं. युनिकोड देवनागरी विंडोज २००० पासून होती, पण छपाईचा सगळा कारभार श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांवर चाले. त्या फाँटातलं नाव फाइलला देऊन उपयोग नसे, कारण एक्सप्लोररमध्ये नावाचा फाँट तो स्वतः ठरवतो, आणि तिथे नुसता चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोडमध्ये नाव दिलंच, तर ते मंगल फाँटात इतकं बारीक उमटे की वेलांटी पहिली की दुसरी यावर पैज लागावी. म्हणून नावं रोमनमध्ये. आणि रोमनमध्ये मराठी लिहायचे नियम प्रत्येकाचे स्वतःचे. ज्ञानेश्वरांवरचा लेख एक ऑपरेटर 'डी'खाली ठेवी, दुसरा 'जी'खाली, तिसरा फारच शिकलेला असेल तर 'जे'खाली. नावानुसार लावलेल्या यादीत एकाच लेखाची तीन प्रूफं तीन गावांना राहत.

यातून तारलं ते डिटेल्स व्ह्यूने आणि त्यातल्या 'डेट मॉडिफाइड'च्या रकान्याने. त्याच्या डोक्यावर क्लिक केलं की शेवटी हात लागलेली फाइल वर येई. मात्र त्याच्या शेजारी 'डेट क्रिएटेड'चा रकाना आणून बसवला तर घोटाळा ठरलेला. एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल कॉपी केली की क्रिएटेडची तारीख त्या दिवसाची होते, मॉडिफाइडची मात्र जुनीच राहते. हे ज्याला ठाऊक तो ऑपरेटर शेवटचं प्रूफ अचूक ओळखे. ज्याला ठाऊक नाही तो दुरुस्त केलेली चूक पुन्हा छापून आणे. डीटीपीच्या वर्गात कोरल शिकवत, पेजमेकर शिकवत. हे कुणी शिकवत नसे.

एक्सपीची आणखी एक गोष्ट लोक विसरले. त्याआधी 'पान १०' ही फाइल 'पान २'च्या आधी येई, कारण यंत्र आकड्याकडेही अक्षर म्हणूनच बघे. म्हणून आम्ही ०१, ०२ असं लिहायचो, आणि अंक शंभर पानांपलीकडे गेला की ००१. एक्सपीने नावातल्या आकड्याला आकडा मानलं. दोनानंतर तीन, नवानंतर दहा. इतकी साधी गोष्ट यायला २००१ उजाडावं लागलं. शून्य लावायची खोड मात्र ऑपरेटरांच्या बोटांतून अजून गेलेली नाही.

पण जीव जडला तो थंबनेलवर. फोटोंच्या फोल्डरला फिल्मस्ट्रिप नावाचा व्ह्यू होता: खाली बारीक फोटोंची पट्टी, वर निवडलेला फोटो मोठा. संपादकांना शेजारी बसवून चित्रं ठरवायला याहून सोपं काही नव्हतं. आणि 'ऑटो अरेंज'वरची खूण काढली की थंबनेल हाताने उचलून कुठेही ठेवता येत. मुखपृष्ठासाठी निवडलेले फोटो वर डावीकडे, वादातले मधे, नापास झालेले अगदी खाली. नाव बदललं नाही, वेगळा फोल्डर केला नाही, कुठे टीप लिहिली नाही. जागा हीच टीप. दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडला की कालची चर्चा जशीच्या तशी समोर पसरलेली.

त्यातही खोट होती. एक्सपी मुळात सुमारे ४०० फोल्डरांचीच मांडणी लक्षात ठेवी. त्यापुढे गेलात की जुनी पुसायची. ती मर्यादा रजिस्ट्रीत शिरून वाढवता येई आणि पुढे ती पाच हजार झाली. थंबनेलांसाठी प्रत्येक फोल्डरमध्ये थंब्स डॉट डीबी नावाची फाइल निपजे आणि सीडीवर चढून प्रेसपर्यंत पोचे. मॅकवाल्यांची डीएस-स्टोअर तिची बहीण. पण फोल्डरला स्मरणशक्ती द्यायची तर ती कुठेतरी लिहून ठेवावी लागणारच. मला त्या कचऱ्याचा राग कधी आला नाही.

मग २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा आलं, आणि त्याने फोल्डरला अक्कल द्यायचं ठरवलं. आत काय आहे ते हुंगून फोल्डरचा प्रकार ते स्वतः ठरवणार: कागदपत्रं, चित्रं, की संगीत. एखाद्या फोल्डरमध्ये लेखांबरोबर अभंगांच्या चार एमपी-थ्री असल्या की तारखेचा रकाना जाऊन त्या जागी 'आर्टिस्ट', 'अल्बम' आणि 'रेटिंग' येऊन बसत. तुम्ही सरळ करा, ते पुन्हा हुंगणार. फिल्मस्ट्रिपही गेली. थंबनेल लहानमोठी करायची सरकपट्टी मात्र छान होती, तेवढं श्रेय द्यायला हवं. २००९ मध्ये विंडोज ७ ने लोकांची मनं परत जिंकली. सगळे त्याच्या आरत्या ओवाळत असताना एक गोष्ट गुपचूप झाली: फोल्डरमधलं 'ऑटो अरेंज' बंद करायची सोयच काढून टाकली. हाताने मांडायचं संपलं. नावाने, तारखेने, आकाराने, कशानेही लावा, पण लावणार यंत्र.

लिनक्सवाल्यांनी तरी वेगळं काही केलं असेल म्हणून मी तिकडेही काही वर्षं राहून आलो. २००४ मध्ये ग्नोम २.६ च्या नॉटिलस या फाइल मॅनेजरने १९८४ चा नियम परत आणला: एका फोल्डरची एक विंडो, आणि तिची जागा व आकार कायम लक्षात. एक वर्ष आधीच जॉन सिराकुसाने ओएस एक्सच्या फाइंडरवर लांबलचक लेख लिहून याच नियमाच्या मोडतोडीबद्दल ॲपलला धारेवर धरलं होतं. मी सिराकुसाच्या बाजूचा. पण पाच फोल्डर खोल जाऊन एक फाइल काढली की पडद्यावर विंडोंचा खच पडे. शिफ्ट दाबून डबल क्लिक केलं तर मागची विंडो बंद होते, हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलंच नाही. शिव्या खाऊन २०१० मध्ये ग्नोमवाल्यांनी माघार घेतली. २०१२ मध्ये साधेपणाच्या नावाखाली कॉम्पॅक्ट व्ह्यू गेला, विंडो दुभागून दोन फोल्डर शेजारी बघायची सोय गेली, आणि लिनक्स मिंटने वैतागून नीमो नावाची वेगळी चूल मांडली. फाइल निवडायच्या खिडकीत थंबनेलांची जाळी दिसावी ही मागणी २००४ पासूनची. ती पुरी झाली २०२३ मध्ये, ग्नोम ४४ सोबत. केडीईचा डॉल्फिन मला त्यातल्या त्यात सभ्य वाटला. प्रत्येक फोल्डरचा व्ह्यू वेगळा लक्षात ठेवू की सगळ्यांना एकच लावू, हे तो निदान तुम्हाला ठरवू देतो.

आता लेखक मजकूर गूगल ड्राइव्हवर टाकतात. तिथे व्ह्यू दोन: लिस्ट आणि ग्रिड. संपलं. विंडोजने २०१९ पासून डाउनलोड्सचा फोल्डर आपणहून 'आज', 'काल', 'गेल्या आठवड्यात' अशा गटांत विभागायला घेतला. २०२२ मध्ये एक्सप्लोररला टॅब आले, टाळ्या झाल्या. लोक फाइल मांडत नाहीत, शोधतात, असं मला तरुण सहकारी समजावतात. शोधायला नाव आठवावं लागतं, आणि ज्ञानेश्वर 'डी' की 'जी' हा तंटा अजून मिटलेला नाही. देवनागरीत नाव दिलं तर रोमन नावांची सगळी रांग संपल्यावर खाली कुठेतरी ते सापडतं, आणि अक्षर दाबून त्यावर उडी मारायची तर आधी कीबोर्ड बदलायचा.

डेस्कटॉपवर पसारा घालतात म्हणून ऑपरेटरांवर खेकसणारे मालक मला अजून भेटतात. कोपऱ्यात प्रूफं, मधे जाहिराती, कचऱ्याच्या डब्याजवळ नापास फोटो. त्यांना मी सांगतो की पोराला बोलू नका. २००९ पासून विंडोजमध्ये आयकॉन आपल्या हाताने हवा तिथे ठेवायला तेवढी एकच जागा उरली आहे.