थेट आंबा विक्री : तुमचा संदेश लांबपर्यंत कसा पोहोचेल?

हापूसच्या हंगामात अनेक बागायतदार व्हॉट्सॲपवर पेटीचा फोटो आणि दर टाकतात. ओळखीचे लोक तो पाहतात आणि संदेश तिथेच थांबतो. नुसती जाहिरात पुढे पाठवायला लोकांना संकोच वाटतो. उपयोगाची माहिती मात्र ते आपणहून पाठवतात.

आधी माहिती, मग विक्री
पेटी घरी आल्यावर आंबे गवतात कसे ठेवावेत, फळ तयार झाले हे कसे ओळखावे, कच्चा आंबा फ्रिजमध्ये का ठेवू नये, हे एका मिनिटाच्या व्हिडिओत सांगा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास देशात बंदी आहे. तुम्ही अढी कशी लावता ते प्रत्यक्ष दाखवा.

फोटोवरच सर्व तपशील लिहा
पुढे पाठवताना फोटोखालचा मजकूर गळू शकतो. म्हणून फोटोवरच लिहा :
- गाव, तालुका आणि फोन नंबर
- पेटीत किती डझन, फळाचे वजन आणि दर
- कोणत्या शहरात घरपोच मिळेल
- तारीख. ती नसेल तर पुढच्या वर्षीही लोक जुन्याच दराने आंबा मागतील.

व्हॉट्सॲपचे नियम लक्षात घ्या
फॉरवर्ड संदेश एका वेळी जास्तीत जास्त ५ ठिकाणीच पाठवता येतो. अनेकदा फॉरवर्ड झालेला संदेश तर २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी जातो. ब्रॉडकास्ट यादीतला संदेशही तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच मिळतो. म्हणून पेटीसोबत चिठ्ठी ठेवून ग्राहकांना नंबर सेव्ह करायला सांगा. गेल्या वर्षीच्या ग्राहकांना नावानिशी संदेश पाठवा आणि तो त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याची विनंती करा.

जेवढा माल, तेवढेच आश्वासन
पुढे गेलेला संदेश परत घेता येत नाही. बागेत ५० पेट्या असतील तर ५० च लिहा आणि संपल्यावर तसे कळवा. साका बाहेरून दिसत नाही. तसे फळ निघाल्यास फोटो पाठवा, बदलून देऊ, असे आधीच लिहा आणि शब्द पाळा. नाराज ग्राहकाची तक्रारही त्याच ग्रुपवर जाते.

या हंगामात पहिली पेटी भरण्याआधी अढीचा व्हिडिओ तयार ठेवा.