घणाचा घाव आणि जमिनीचे अंतरंग

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सुमारे ८ महत्तेचा भूकंप झाला. तिथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीत शेकडो इमारती कोसळल्या, हजारो माणसे मेली. मात्र त्याच शहरातल्या खडकाळ भागाला फारसा धक्का बसला नाही. विध्वंस झाला तो जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या वस्तीत.

कारण साध्या गणितात सापडते. मऊ थराच्या जाडीची चौपट करून तिला त्यातील कर्तनतरंगांच्या वेगाने भागले की त्या थराचा स्वतःचा आंदोलनकाल मिळतो. थर ३८ मीटर जाड आणि वेग सेकंदाला ७६ मीटर धरला, तर उत्तर येते २ सेकंद. तळ्याच्या बऱ्याच भागात जमीन जवळपास याच लयीत हलली आणि त्या लयीशी जुळणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारतींना सर्वाधिक फटका बसला.

म्हणजे बांधकामापूर्वी कर्तनतरंगांचा वेग कळायला हवा. जमिनीची दृढताही त्यातूनच मिळते : वेगाचा वर्ग गुणिले घनता. वेग दुप्पट, तर दृढता चौपट. पण हा वेग थेट मोजायचा तर विंधनविवर खणावे लागते आणि ते खर्चाचे काम. इथे पृष्ठतरंग मदतीला येतात.

लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये गणिताने दाखवून दिले, की घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत एक वेगळा तरंग धावतो. खोल जाऊ तसा तो झपाट्याने विरतो. त्याचा वेग कर्तनतरंगाच्या वेगाहून थोडाच कमी, साधारण नव्वद ते पंच्याण्णव टक्के असतो. जमिनीवर घण हाणला, तर तरंगांत जाणाऱ्या ऊर्जेचा सुमारे दोनतृतीयांश वाटा हाच तरंग उचलतो.

तरंगलांबी जितकी मोठी, तितका तो खोलवरची जमीन 'चाचपतो'. ५० हर्ट्झचा तरंग सेकंदाला १५० मीटर धावत असेल, तर त्याची लांबी ३ मीटर. त्याला वरची मीटर-दीड मीटर मातीच कळते. १० हर्ट्झचा तरंग २५० मीटर वेगाने गेला, तर लांबी २५ मीटर. त्याचा वेग आठ-बारा मीटर खोलीपर्यंतच्या थरांची खबर देतो. कंप्रतेनुसार वेग बदलण्याला अपस्करण म्हणतात. लोलकातून रंग वेगळे होतात, तसाच हा प्रकार.

प्रत्यक्ष काम सोपे दिसते. मीटर-दोन मीटर अंतराने २४ जिओफोन ओळीने रोवायचे, टोकाला लोखंडी पाट ठेवून त्यावर घण हाणायचा आणि नोंदी संगणकात घ्यायच्या. एकाच वेळी अनेक जिओफोन वापरण्याची ही पद्धत कॅन्सस राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील पार्क, मिलर आणि झिया यांच्या १९९९ मधील लेखाने रूढ झाली. घणाचे बळ काही दशक मीटरांपुरतेच. त्याहून खोल जायचे, तर वाहनांची आणि समुद्राच्या लाटांची अखंड थरथर वापरतात. तिचा पाया जपानच्या केइती आकी यांनी १९५७ मध्ये घातला.

खरी कसोटी पुढे आहे. अपस्करणाच्या वक्रावरून थर ओळखणे हे उलट्या दिशेचे गणित आहे आणि एकाच वक्राला जुळणाऱ्या थररचना अनेक असू शकतात. खाली जाताना जमीन कठीण होत जाते, असे गृहीत धरले की उत्तर झटकन मिळते. पण निसर्ग ते नेहमी पाळत नाही. कोकणात कठीण जांभ्याखाली अनेकदा मऊ चिकणमाती असते. अशा ठिकाणी तरंगाचे वरचे प्रकार मूळ तरंगात मिसळतात आणि ते न ओळखता आकडे काढले, तर मऊ थर कागदावरून नाहीसा होतो.

म्हणून जाणकार अभियंता घणाला विंधनविवराचा पर्याय मानत नाही. एक-दोन विवरांतून थरांची खात्री करून घ्यायची आणि त्यांच्या मधली जमीन पृष्ठतरंगांनी वाचायची, ही रीत खर्चही वाचवते आणि फसगतही. वरच्या ३० मीटरांतील सरासरी वेग सेकंदाला १८० मीटरहून कमी निघाला, तर दीर्घकाळ वापरात असलेल्या अमेरिकी वर्गीकरणात ती जमीन मऊ गणली जाई. तिथे इमारत उभारता येते. मात्र तिची उंची, पाया आणि लय त्या जमिनीला विचारूनच ठरवावी लागते.