उपनगरातली झाडं (भाग ९) : मजल्यामजल्यानं वाढणारा बदाम

गेल्या आठवड्यात आपण पर्जन्यवृक्षाचा ऐसपैस पसारा पाहिला. आजचं झाड त्याच्या अगदी उलट, शिस्तीत वाढणारं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या वसाहतींत ज्याला सगळे नुसतं ‘बदाम’ म्हणतात, ते हे देशी बदामाचं झाड. सुक्या मेव्यातल्या बदामाशी त्याचं नातं नाही. तो गुलाबाच्या कुळातला. हा मात्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या ऐन आणि बेहड्याचा सख्खा भाऊबंद. मूळचा समुद्रकाठचा. फळाचं धाग्यांचं कवच हलकं असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरदूर जातं, आणि किनाऱ्याला लागून रुजतंही.

कोवळं झाड दिसलं तर जरा थांबून बघा. खोड काही काळ सरळ वर जातं. मग एकाच उंचीवरून चार-पाच फांद्या चहूबाजूंना आडव्या निघतात. खोड पुन्हा उंच होतं, पुन्हा फांद्यांचा घेर. इमारतीवर मजले चढावेत तसं हे झाड चढतं.

खरी गंमत आडव्या फांदीत आहे. ती थोडी पुढे सरकते आणि टोकाशी वर वळते. वळलेलं टोक बोटभरच राहतं. त्याची लांबी जेमतेम वाढते, पण त्यावर पानांचा दाट गुच्छ बसतो. पुढे जायचं काम वळणाजवळच्या पानांच्या बगलेतून फुटलेले कोंब करतात. बहुधा दोन कोंब, दोन दिशांना. तेही थोडं सरकून वर वळतात. त्यामुळे फांदीवर ठरावीक अंतरानं पानांचे गुच्छ दिसतात. होंडा आणि फिशर या दोन अभ्यासकांनी या फाट्यांमधले कोन मोजून १९७८ साली ‘सायन्स’मध्ये मांडणी केली. पानांनी एकमेकांवर कमीत कमी सावली धरावी यासाठी गणितानं जे कोन निघतात, त्यांच्या अगदी जवळचे कोन झाडावर सापडले होते.

फुलं येतात तीही याच थांबलेल्या टोकांवर. हिवाळा सरता सरता पानं लालभडक होऊन गळतात, नवी पालवी फुटते आणि पानांच्या बगलेत वीतभर किंवा त्याहून आखूड कणसं लोंबू लागतात. बहुतेक झाडं वर्षातून दोनदा पानं बदलतात. एक कणीस हातात घेऊन पाहा. फुलं हिरवट-पांढरी, पाच टोकांची. पाकळ्या नाहीतच, पुंकेसर मात्र दहा. वास नकोसाच. वरची बहुतेक सगळी फुलं नर असतात. फळ धरू शकतील अशी फुलं फक्त तळाशी, तीही थोडी. म्हणून फुलोरा भरघोस दिसला तरी कणसामागे फळं मोजकीच.

कठीण कवचाच्या इतर झाडांतही असं दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या मॅकाडेमियाच्या एका तुऱ्यावर शंभर ते तीनशे फुलं येतात, पण हाती लागतात थोड्याच बिया. तेलानं भरलेली बी घडवणं झाडाला महाग पडतं. आपल्या बदामाच्या गरातही जवळपास निम्मं तेलच. दगडानं फोडून तो गर खाल्लेली मुलं उपनगरात आता कमी झाली. वटवाघळं मात्र गाभुळलेल्या फळांवर रात्री हजर असतात. वरचा मगज खाऊन ती बी दूर टाकतात आणि झाडाचा प्रसार करतात.

आता कामाची गोष्ट. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत या झाडाचा शेंडा उडवला, तर धुमारे फुटतात, पण मजल्यांची रचना विस्कटते. टोकं सरसकट कापली, तर फुलं धरणाऱ्या जागाच जातात. सोसायटीच्या आवारातल्या झाडाला हात लावण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, आणि छाटायचंच असेल तर शेंडा राखून फक्त वाळलेल्या, अडचणीच्या फांद्या काढायला सांगा.

(पुढील भागात : बहावा)